दार जुळवताना

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
आमच्या शेडमध्ये येणाऱ्या दहातल्या सात गाड्या पांढऱ्या.
बघणाऱ्याला वाटतं, याचं काम सोपं,
पांढऱ्याला काय लागतं?

पांढऱ्याला काळा लागतो, दोन थेंब.
पिवळी माती, नखाएवढी.
कधी निळा, कधी तांबडा, इतका कमी
की काट्याला कळतो, डोळ्याला नाही.
दाराच्या पट्टीवर कंपनीचा कोड एकच असतो,
पण गाडीनं चार उन्हाळे उघड्यावर काढलेले असतात,
फुजैराच्या खाऱ्या वाऱ्यात नाहीतर धैदच्या धुळीत.
कोड कधी उन्हात उभा राहिलेला नसतो.

म्हणून यंत्र.
दारावर टेकवायचं, बटण दाबायचं.
ते उजेड सुटा करून मोजतं
आणि पडद्यावर एक वळणाची रेघ काढतं
जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत, कुठेही न तुटलेली.
स्पेक्ट्रम, कंपनीच्या माणसानं शिकवलं होतं.
बारा वर्षं हा शब्द मी खिशात घेऊन फिरलो,
किल्लीसारखा.

गेल्या महिन्यात डॉक्टर हनाननी
तोच शब्द टेबलावर ठेवला
आणि टिश्यूचा डबा हलकेच आमच्याकडे सरकवला.
सुलभा रडली नाही. तिनं विचारलं, कमी आहे की जास्त?
डॉक्टर म्हणाल्या, तशी फूटपट्टी नसते ही,
एका टोकाला बरे, दुसऱ्या टोकाला आजारी.
आवाज सोसणं वेगळं, शब्द सापडणं वेगळं, स्पर्श वेगळा,
प्रत्येक मुलात प्रत्येकाचं प्रमाण निराळं.
मला एकदम शेल्फवरचे डबे दिसले.
विचारणार होतो, थेंब मोजता येतात का.
गप्प बसलो.
तिथे मी बाप म्हणून गेलो होतो.

मिथिला सहा वर्षांची.
हात वाळवायच्या यंत्राला घाबरते, विमानाला नाही.
सगळ्या बिल्डिंगचे गाड्यांचे नंबर तिला पाठ,
बाबाचं नाव काय विचारलं की खिडकीबाहेर बघते.
बाटल्यांची झाकणं ओळीनं लावते, सगळी निळीच.
तास तास.
एका रात्री मी कामावरचा दिवा घरी आणून पेटवला,
तेव्हा दिसलं:
फिक्यापासून गडदाकडे. चाळीस झाकणं.
एकही जागा चुकलेली नव्हती.

आई सावंतवाडीहून फोनवर विचारते,
"चेडू बरा आसा मां?"
तिला हो हवं असतं, नाहीतर नाही.
मी म्हणतो, जेवली.

बाबा लाकडाची फळं रंगवायचे, चितारआळीत.
आंबा हिरव्यातून केशरात नेताना
कुंचला ठेवून बोटानं पुसत न्यायचे.
हिरवा नेमका कुठे संपला, मी विचारायचो.
ते पुढचा आंबा हातात घ्यायचे.

शेर आलम पत्रा ठोकतो, मी रंग मारतो.
नवा रंग आम्ही दारापाशी थांबवत नाही कधी,
शेजारच्या पत्र्यावर हातभर विरत नेतो,
नाहीतर सांधा दिसतो.
आणि कित्येकदा असं होतं
की ट्यूबलाईटखाली जुळलेला पांढरा
बाहेर नेला की उन्हात फुटतो.
गिऱ्हाईक रंगाला शिव्या देतं.
उजेडाला कोणी देत नाही.

शाळेच्या फॉर्मवर दोन चौकोन आहेत,
एकात खूण करायची.
फॉर्म फ्रिजवर आहे, लिंबाच्या चुंबकाखाली, नऊ दिवस.

शुक्रवारी शेड बंद. तरी तिला घेऊन गेलो.
नमुन्याचे पत्रे उन्हात मांडून ठेवले, अकरा पांढरे,
माझ्या अंदाजानं, क्रमानं.
ती उकिडवी बसली. बराच वेळ काही नाही.
मग चौथा आणि सातवा उचलला,
आपसात बदलला,
आणि हात फ्रॉकला पुसले.

यंत्र आत होतं, कपाटात.
मी किल्ली काढली,
परत खिशात टाकली.